टाइल घेण्यापूर्वी जमीन तपासा

आमचा धंदा कापडाचा. सिमेंट, वाळू, फरशी हे आमचे क्षेत्र नव्हे. तरीही या पानावर टाइलविषयी लिहायला बसलो, याला कारण आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत जुन्या शेडचा पुढचा भाग मोकळा करून तेथे कापडाचे दुकान, शिलाईचा कारखाना किंवा गोदाम काढणारे आमचे अनेक व्यापारी बांधव आहेत. जुना कोबा किंवा शहाबादी फरशी जाऊन तेथे सिरॅमिक टाइल येते. दुकान उजळते, गिऱ्हाईक खूश होते. मग वर्ष-दीड वर्षात एखादी टाइल वाजू लागते, दुसरी कोपऱ्यावर तडकते, तिसरी शेजारणीला घेऊन तंबूसारखी वर उठते. दुकानदार मिस्त्रीला धरतो. मिस्त्री टाइलवाल्याकडे बोट दाखवतो. टाइलवाला म्हणतो, आमचा माल पहिल्या प्रतीचा आहे. बहुतेक वेळा टाइलवाल्याचे म्हणणे खरे असते. दोष टाइलच्या खाली असतो आणि तेथे कुणी पाहिलेलेच नसते.

या पानाच्या वाचकांत दुकानदार आहेत आणि गवंडीकाम, फरशीकाम करणारे कारागीरही आहेत. अशा भांडणात एकाची पुंजी जाते, दुसऱ्याची मजुरी अडकते आणि बाजारातले नावही जाते. म्हणून दोघांनी मिळून, टाइलची पेटी उघडण्यापूर्वी, खरे म्हणजे टाइल विकत घेण्यापूर्वी, जमीन कशी तपासावी एवढेच आज सांगायचे आहे.

कापडवाल्यांना ही गोष्ट समजायला कठीण नाही. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ती नीट उतरवल्याशिवाय कापड रंगाच्या हौदात टाकले तर रंग वरवर बसतो, धब्बे पडतात आणि दोष रंगाला दिला जातो. खळ उतरली की नाही हे पाहण्यासाठी रंगारी कापडावर पाण्याचा थेंब टाकतो. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार; मोत्यासारखा उभा राहिला तर कापड परत धुण्याला जाते. जमिनीची एक परीक्षा अगदी अशीच आहे. ती पुढे येईलच.

आधी विचारपूस

हत्यार हातात घेण्याआधी जागेचा इतिहास विचारावा. कोबा कधी घातला? खाली मुरमाचा भराव किती फूट आहे आणि तो पाणी मारून, धुम्मस करून बसवला होता, की ट्रकमधून ओतून वरून तसाच कोबा ओढला होता? येथे माग होते का, असतील तर किती वर्षे? पावसाळ्यात पाणी आत येते का? मागच्या भिंतीला लागून गटार आहे का? आपण जागा नवी घेतली असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारावे. घरमालकापेक्षा तो अधिक खरे सांगतो. भराव नीट बसलेला नसेल तर वरचा कोबा पोकळीवर अधांतरी राहतो. त्यावर कापडाच्या गाठी आणि लोखंडी रॅक आले की तो बसतो आणि टाइलला घेऊन बसतो.

वाजवून पाहणे

माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो. जमिनीचेही तसेच. सामान हलवून जमीन स्वच्छ झाडावी, बाजार शांत झाल्यावर हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी सळईच्या टोकाने हातभर अंतरावर ठोकत जावे. भरीव जमीन खणखणीत वाजते. खाली सुटलेली जमीन बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती खडूने रेघ ओढावी. संपूर्ण दुकान असे वाजवायला तासभरही लागत नाही, पण त्यातून जे कळते ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

खडूच्या खुणा दोन-चार ठिकाणी, थाळीएवढ्या असतील तर तेवढा भाग फोडून, खालची माती ठोकून, काँक्रीटने भरून घ्यावा. अर्धे दुकान बद्द वाजत असेल तर डागडुजी करीत बसू नये. सगळा कोबा काढावा. हा खर्च जिवावर येतो हे आम्हाला ठाऊक आहे, पण सुटलेल्या कोब्यावर महागडी टाइल लावणे म्हणजे फाटक्या अस्तरावर जरीचे कापड शिवणे.

त्याच फेरीत खिळ्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने जमीन ओरखडून पाहावी. बारीक पांढरी रेघ उठली तर ठीक. भुकटी निघत राहिली, खिळा आत रुतू लागला, तर वरचा थर कच्चा आहे. तो खरवडून पक्क्या थरापर्यंत गेल्याशिवाय टाइलचा मसाला त्याला धरणार नाही. धरला तरी भुकटीला धरेल, जमिनीला नाही.

भेगा दोन प्रकारच्या

केसासारख्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा सिमेंट सुकताना पडतात. दोन्ही कडा एकाच पातळीत असतील आणि भाग भरीव वाजत असेल तर त्यांची फार चिंता नको. घाबरायचे ते एका सरळ रेषेत दुकानभर धावणाऱ्या भेगेला. तिच्यावरून नख आडवे फिरवावे. नख एका बाजूला अडकले, म्हणजे एक कड वर आणि एक खाली असेल, तर जमीन हलते आहे. टाइल कितीही जाड घेतली तरी ती त्याच रेषेत फुटणार.

भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे हे कळण्यासाठी जुने मिस्त्री एक साधी युक्ती करतात. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. जमीन हलली की काच तडकते. पण दोन दिवसांत निकाल लागत नाही. मालेगावच्या आसपास, मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे जेथे खाली काळी माती आहे तेथे तर जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेथे काचेला निदान एक ऋतू पालटेपर्यंत वेळ द्यावा. ज्याला एवढा वेळ नाही त्याने काळी माती काढून मुरूम आणि दगडाचे सोलिंग करून नवी जमीन करावी, किंवा साधी शहाबादी घालून समाधान मानावे. शहाबादी खाली-वर झाली तर उचलून परत बसवता येते. टाइल काढताना बहुधा फुटतेच.

मूळ काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेला सांधा असेल तर त्याच्यावर टाइल आडवी घालू नये. तोच सांधा टाइलमध्येही वरपर्यंत आणून मऊ सीलंटने भरावा. मोठ्या हॉलमध्ये साधारण वीस ते पंचवीस फुटांवर असा मऊ सांधा लागतो. उन्हात तापणाऱ्या गच्चीवर किंवा ओट्यावर आठ ते बारा फुटांवर. तसेच टाइल भिंतीला घट्ट भिडवू नये, कडेला थोडी फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकावी. तंबूसारख्या उठलेल्या टाइल पाहिल्या की बहुतेक ठिकाणी ही फट ठेवलेली नसते.

तेल आणि थेंबाची परीक्षा

आता यंत्रमागाच्या शेडची खास अडचण. जेथे वर्षानुवर्षे माग चालले तेथे कोब्यात तेल मुरलेले असते. वरून साबण-सोड्याने धुतल्यावर जमीन स्वच्छ दिसते, पण तेल खाली असते. कोरड्या जमिनीवर जागोजागी पाण्याचे थेंब टाकावेत. मागच्या जागी, चालण्याच्या वाटेत आणि तुलनेसाठी जेथे कधी माग नव्हता अशा कोपऱ्यात. कोपऱ्यातला थेंब पसरून शोषला गेला आणि मागच्या जागचा थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला, तर तेथे तेल, रंग किंवा पॉलिश आहे असे समजावे. टाइलखालचा सिमेंटचा मसाला असो की तयार अॅधेसिव्ह, त्याला पकड घेण्यासाठी जमिनीने थोडे तरी प्यायला हवे.

काही मिस्त्री अशा जागी अॅसिड ओततात. अॅसिडने सिमेंट खाल्ले जाते, तेल जात नाही. वरून त्याचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, तो मजुराच्या. तेल वरच्या थरातच असेल तर तो थर टाकीने किंवा मशीनने काढून खाली पुन्हा थेंब टाकून पाहावा. खालीही तसाच उभा राहिला तर कोबा बदलण्याला पर्याय नाही.

जुन्या मोझेकच्या पॉलिशवरही थेंब उभा राहतो. तेथे जमीन पक्की आणि भरीव असेल तर पॉलिश घासून, टाचे मारून खडबडीत केल्यावर वर टाइल लावता येते. मात्र जुन्या फरशीवर लावायची तर जुन्या फरशीवर चालणारेच अॅधेसिव्ह हवे. आपल्याकडे अॅधेसिव्हसाठी आय.एस. १५४७७ हे भारतीय मानक आहे, २०१९ साली ते सुधारले गेले आणि त्यात अॅधेसिव्हचे प्रकार क्रमांकाने दिले आहेत. गोणीवरचा प्रकार वाचावा आणि तो कोणत्या जमिनीसाठी आहे हे दुकानदाराला विचारावे. सर्वांत स्वस्त गोणी सगळीकडे चालत नाही.

ओल

ओलीबद्दल बाजारात सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पहिला गैरसमज असा की टाइल लावली की ओल बंद होते. टाइलमधून पाणी फारसे येत नाही हे खरे. पण टाइलच्या सांध्यांमधून ओल येतच राहते. जमिनीतून वर येणारे पाणी आपल्याबरोबर क्षार आणते. पाणी उडून जाते आणि क्षार सांध्यांवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बसतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. रोज पुसला तरी तो रोज येतो.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: जमीन थोडी ओली असेल तर टाइल लागणारच नाही. तसेही नाही. सिमेंटच्या मसाल्याला ओलीचे वावडे नसते. उलट कोरड्या ठाक जमिनीवर मसाला घालण्यापूर्वी मिस्त्री पाणी मारतोच. अडचण येते ती सतत खालून येणाऱ्या ओलीची. पातळी साधण्यासाठी ओतायची रसायने, एपॉक्सी, जलरोधक लेप यांची पकड अशा ओलीने सुटते. आणि आम्हा कापडवाल्यांचे नुकसान तर त्याहून वेगळे आहे. टाइलवर थेट ठेवलेल्या गाठीच्या तळच्या ताग्यांना बुरशीचे डाग पडतात. ताग्याच्या घडीत पिवळा पट्टा आला की तो माल कटपीसच्या भावाने जातो. टाइलच्या दोन पैशांच्या हिशेबापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

ओल पाहण्याची परीक्षा फुकटात होते. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब व दीड फूट रुंद तुकडा जमिनीवर पसरून चारही बाजू चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. पट्टी चिकटावी म्हणून कडेची धूळ आधी पुसावी. किमान सोळा तास तो तसाच ठेवावा. आमचा आग्रह असा की एक रात्र आणि एक दिवस ठेवावा. नंतर उचलून पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील, किंवा झाकलेली जमीन आजूबाजूपेक्षा काळपट झाली असेल, तर ओल खालून येते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट आहे, जमिनीची नाही.

एकाच ठिकाणी तुकडा लावून समाधान मानू नये. एक मागच्या भिंतीलगत, एक मोरीच्या किंवा नळाच्या बाजूला, एक मध्यभागी आणि एक शटरजवळ लावावा. ऊन थेट पडत असेल तेथे लावू नये. पंखा चालू असला की उघडी जमीन वरून कोरडी दिसते, म्हणून हात लावून पाहण्यावर विसंबू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऋतू. एप्रिल-मेमध्ये जमीन सगळीकडेच कोरडी सापडते. जागा पावसाळ्यात हातात असेल तर परीक्षा पावसाळ्यातच करावी. कोकणात, जेथे पाऊस चार महिने ठाण मांडतो आणि जोती जांभ्याची असतात, तेथे उन्हाळ्यातल्या परीक्षेला आम्ही परीक्षाच म्हणत नाही.

ओल निघाली तर आधी तिचे मूळ शोधावे. पुष्कळदा ते जमिनीच्या खोलात नसते. शेजाऱ्याच्या पन्हाळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असते, पाण्याची पाइप गळत असते किंवा गटार तुंबलेले असते. ते दुरुस्त करून महिनाभराने परीक्षा पुन्हा घ्यावी. एवढे करूनही ओल राहिली तर कोबा काढून, मुरूम बसवून, त्यावर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक सांध्याला एकावर एक घेऊन अंथरावे, भिंतीच्या कडेला वर वळवावे आणि मग काँक्रीट घालावे. एवढे केले तरीही गाठी लाकडी फळ्यांवर, खालून हवा खेळेल अशा ठेवाव्यात.

सपाट आणि समपातळी

हे दोन शब्द एक नव्हेत. जमिनीला दाराकडे उतार असला तर टाइलला त्याचे दुःख नाही. तिला दुःख आहे उंचवट्याचे आणि खड्ड्याचे. म्हणून पाण्याच्या नळीने पातळी पाहणे वेगळे आणि पट्टी लावून सपाटी पाहणे वेगळे. दहा फुटी सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर उभी, आडवी आणि तिरकी ठेवावी. मागून बॅटरीचा उजेड टाकावा. जेथे उजेड जास्त दिसतो तेथे खड्डा. तीन मिलिमीटर प्लायचा तुकडा जवळ ठेवला की तोच एका सुताचे माप होतो. टाइल अॅधेसिव्हने लावायची असेल तर पंधरा इंचापेक्षा लहान टाइलला दहा फुटांत दोन सुतांपर्यंतचा फरक चालतो, पंधरा इंच किंवा मोठ्या टाइलला फक्त एक सूत. हे अमेरिकेतल्या टाइल व्यवसायाचे माप आहे, पण टाइल तेथली असो की मोरबीची, तिला वाकता येत नाही ही गोष्ट सारखीच. आजकाल आपल्याकडे दोन फुटी टाइलचा शौक आहे, म्हणून एका सुताचेच माप धरावे.

सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर लावायची असेल तर मसाल्याचा थर खालचे उणे-अधिक सामावून घेतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशात हा थर २० मिलिमीटरचा आणि त्यावर टाइल बसवण्यासाठी चौरस मीटरला ३.३ किलो सिमेंटचा घोळ सांगितला आहे. दहा बाय बाराच्या दुकानाला हा घोळच सुमारे ३७ किलो, म्हणजे पाऊण गोणी सिमेंट होतो. काम चालू असताना एवढे सिमेंट खरोखर लागते आहे का, हे पाहायला दुकानदाराला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

येथे एका वाईट सवयीबद्दल बोललेच पाहिजे. जमीन खाली-वर असली की काही जण टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत आणि मधे असे पाच गोळे लावून टाइल दाबून बसवतात. वरून काम सुंदर दिसते. खाली मात्र गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. गाठींची ढकलगाडी त्यावरून गेली किंवा रॅकचा पाय त्यावर आला की टाइल फुटते. कोरड्या जागेत टाइलच्या पाठीचा निदान ऐंशी टक्के भाग मसाल्याला लागलेला हवा, ओल्या जागेत पंचाण्णव टक्के. पहिली टाइल बसवल्यावर लगेच उचलून पाठ पाहावी. मिस्त्रीने स्वतःच दाखवावी हे अधिक चांगले. अशा वेळी तो दुकानदाराचा भरोसा कमावत असतो.

नवी जमीन आणि सीझनची घाई

नवे काँक्रीट घातले असेल तर त्यावर टाइलसाठी किमान २८ दिवस थांबावे. या काळात ते पाण्याने मुरवायचे असते आणि सुकताना ते थोडे आकसते. टाइल आधी लावली तर ते आकसणे टाइलवर येते. जलरोधक लेप किंवा एपॉक्सी लावायची असेल तर कोरडे होण्याचा काळ आणखी धरावा. ढोबळ हिशेब असा की सिमेंट-वाळूचा थर दिवसाला एक मिलिमीटर सुकतो, म्हणजे दोन इंची थराला पन्नास दिवस, तेही हवा कोरडी असताना.

आमच्या धंद्यात घाई होते ती रमजानच्या सीझनची. चाँद दिसण्यापूर्वी दुकान उघडले पाहिजे म्हणून पंधरा दिवसांच्या काँक्रीटवर टाइल चढते. त्यापेक्षा एक सीझन साध्या कोब्यावर चटया अंथरून करावा. गिऱ्हाईक कापड पाहायला येते. टाइल ईदनंतर निवांत लावता येते.

माडी आणि वजूखाना

वरच्या मजल्यावर लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन असेल, जशी मुंबईच्या जुन्या चाळींत आणि अनेक गावांच्या जुन्या पेठांत आहे, तर आधी वजनाचा हिशेब करावा. एक इंच मसाला आणि त्यावर टाइल मिळून चौरस फुटाला साधारण साडेसहा किलो होतात. दहा बाय बाराच्या खोलीला पाऊण टनाच्याही वर वजन झाले, आणि हे कापडाचा एकही तागा ठेवण्यापूर्वी. खोलीच्या मध्यभागी टाचा आपटून पाहावे. कपाटाची काच वाजली, तांब्यातले पाणी हलले, तर ती जमीन टाइलची नाही. टाइलखालच्या जमिनीचा झोल लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावा असा नियम धरतात. म्हणजे दहा फुटी तुळईला इंचाचा तिसरा हिस्सा. तुळईची भिंतीत गेलेली टोके बहुधा आधी कुजतात. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तेथे टाइल घालूच नये. खाली दुसऱ्याचे बिऱ्हाड असते.

मशिदीचा वजूखाना, मोरी, रंगारखाना अशा ओल्या जागांत उतार खालच्या थरातच द्यावा, फुटाला दोन सूत. टाइल वाकडी बसवून उतार काढू नये. टाइल आणि तिचे सांधे पाणी थांबवत नाहीत, पाणी थांबवतो तो खालचा जलरोधक थर. म्हणून टाइलपूर्वी पाण्याची वाट बंद करून इंच-दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि निदान चोवीस तास ठेवावे. पाणी खुणेखाली बरेच उतरले किंवा खालच्या छताला ओल आली तर टाइलचे नावही काढू नये. वजूखान्यात ओल्या पायांची म्हातारी माणसे चालतात, तेव्हा तेथे गुळगुळीत टाइल घेऊ नये हे सांगायला नकोच.

जाता जाता शटरची उंची पाहावी. जुन्या फरशीवरच टाइल लावली तर जमीन अर्धा इंच वर येते, मसाल्यावर लावली तर आणखी. शटर आणि दरवाजे त्याला अडतात का, हे काम सुरू होण्यापूर्वी मोजावे.

व्यवहार

आता पैशाचे. टाइल लावण्याची मजुरी चौरस फुटावर ठरते. त्यामुळे मिस्त्रीला जितके जास्त फूट होतील तितके पैसे, आणि जमीन वाजवत, प्लास्टिक चिकटवत घालवलेला दिवस फुकट. मग तो का थांबेल? दुकानदाराने जमीन तपासण्याची एका दिवसाची मजुरी वेगळी द्यावी. टाइल पुढे त्या मिस्त्रीकडून लावून घेतली किंवा नाही, तरी द्यावी. तसेच जमीन तयार करणे, म्हणजे फोडणे, खरवडणे, भरणे, ही बाब टाइलच्या दरात मिसळू नये. तिचे माप आणि दर वेगळे लिहावेत. जे दरात मिसळले जाते ते कामातून गळते.

कारागीर बांधवांनाही सांगणे आहे. मालक म्हणाला, 'राहू दे, असेच लाव', तर बद्द वाजणाऱ्या, तेलकट जमिनीवर मुकाट्याने टाइल लावू नये. ती उखडली की मालकाला आपले शब्द आठवत नाहीत, पण मिस्त्रीचे नाव आठवते. नाही म्हणणे परवडत नसेल तर निदान लिहून घ्यावे.

लिहिण्यासाठी वकील लागत नाही. वहीच्या पानावर दुकानाचा चौकोन काढावा, खडूच्या खुणा त्यात उतरवाव्यात, ओल कोठे निघाली, भेग कोठे आहे, काय दुरुस्त केले आणि काय मालकाच्या सांगण्यावरून तसेच ठेवले हे दोन ओळींत लिहून तारखेसह दोघांनी सह्या कराव्यात. मोबाइलमध्ये खडूच्या खुणांचे फोटोही काढून ठेवावेत. टाइलच्या लॉटमध्येही कापडाच्या लॉटसारखा रंगाचा फरक येतो, म्हणून त्याच लॉटची एक जादा पेटी घ्यावी आणि हे पान त्याच पेटीत ठेवावे. पुढे एखादी टाइल काढावी लागली तर येणाऱ्या नव्या मिस्त्रीला टाइल आणि खालच्या जमिनीची माहिती दोन्ही एकाच जागी मिळतात.